‘चौघीजणीं’नंतरच्या चौघी

वाचक मित्रहो, आपल्यापैकी अनेकांनी लुईझा मे अल्कॉट यांचे नाव ऐकण्याआधी शांता शेळके यांची ‘चौघीजणी’ वाचली असेल. अल्कॉट यांच्या ‘लिटल विमेन’ या कादंबरीचा हा मराठी अनुवाद; मेग, ज्यो, बेथ आणि एमी या मार्च कुटुंबातल्या चार बहिणींची ही गोष्ट. मूळ इंग्रजी शीर्षकात या मुलींचे कोवळे बाईपण आहे, तर मराठी शीर्षकात त्यांचे एकत्र असणे आहे. आणि मला मराठी शीर्षक अधिक हळवे वाटते, कारण चौघींपैकी बेथ वारली की तो शब्दच अपुरा पडतो. या मुद्द्याकडे मी शेवटी परत येणार आहे.

या कादंबरीचा पहिला भाग १८६८ साली आणि दुसरा १८६९ साली निघाला. तिच्यापासून स्फूर्ती घेऊन मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी आजही पुस्तके लिहिली जातात. जीन बर्डसॉल यांच्या ‘द पेंडरविक्स’मध्ये, २००५ साली, आईविना वाढणाऱ्या चार बहिणी एका उन्हाळी सुट्टीत आपल्याला भेटतात, ते प्रसन्न पुस्तक आहे आणि लहानांच्या हाती ते निःशंक द्यावे. मात्र मला आज बोलायचे आहे ते मूळ पुस्तकातील शांततेकडे कान लावणाऱ्या पुस्तकांविषयी.

अल्कॉट यांच्या कथेत अमेरिकेतील यादवी युद्ध चालू आहे आणि वडील सैन्यात धर्मोपदेशक म्हणून गेले आहेत. गुलामगिरीच्या प्रश्नावरून पेटलेल्या या युद्धात ज्यांच्या मुक्तीचा प्रश्न होता, ती माणसे मार्च कुटुंबाच्या दिवाणखान्यात कुठेच दिसत नाहीत. अल्कॉट यांचे स्वतःचे घर गुलामगिरीच्या विरोधात उभे होते, पळून आलेल्या एका गुलामाला त्यांनी आसराही दिला होता, म्हणून ही अनुपस्थिती अधिकच जाणवते. बेथनी सी. मॉरो यांनी ‘सो मेनी बिगिनिंग्ज’ या २०२१ सालच्या किशोर-कादंबरीत नेमकी ही जागा धरली. त्यांच्या चार बहिणी कृष्णवर्णीय आहेत, वर्ष १८६३ आहे, आणि त्या नॉर्थ कॅरोलायनातील रोअनोक बेटावर, गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या प्रत्यक्षात होऊन गेलेल्या वसाहतीत राहतात. मेग शिकवते, ज्यो लिहिते, बेथ शिवणकाम करते; परंतु जिथे घर, शाळा, गावच नव्याने उभारायचे आहे, तिथे अक्षर गिरवणे आणि टाका घालणे या कामांचे मोलच पालटते. मूळ कादंबरीचा अवमान न करता तिला जाब विचारणारे असे पुस्तक मला पुनर्कथनाचा उत्तम नमुना वाटतो.

दुसरे पुस्तक ‘ग्रेट ऑर नथिंग’. २०२२ साली चार लेखिकांनी मिळून लिहिलेल्या या कादंबरीत प्रत्येकीने एक बहीण वाटून घेतली आहे. काळ १९४२ चा, दुसऱ्या महायुद्धाचा. बेथ आधीच वारली आहे आणि उरलेल्या तिघी दुःखाने एकमेकींपासून दुरावल्या आहेत. त्यांच्या हकिगती गद्यात येतात. बेथ मात्र कवितेत बोलते. अल्कॉट यांची बेथ इतकी अबोल आहे की तिच्या मनात काय चालले होते, हे आपण बहुतेक इतरांच्या डोळ्यांतूनच वाचतो. लहानपणी तिच्या मृत्यूपाशी पुस्तक मिटून ठेवणाऱ्या वाचकांपैकी मी एक आहे, आणि मृत्यूनंतर का होईना, ती स्वतःच्या शब्दांत बोलू लागली तेव्हा माझ्यापुरता ‘चौघी’ हा शब्द पुन्हा पुरा झाला.