मरॉडरचे आखूड पंख

(दृश्य: बॉल्टिमोरच्या कारखान्यातली जुळणी)

मार्टिन कंपनीचा हा बॉल्टिमोरचा कारखाना. रांगेत उभी आहेत बी-२६ मरॉडर, दुसऱ्या महायुद्धातली अमेरिकी बॉम्बफेकी विमानं. धड केवढं भरीव आहे ते पाहा, आणि आता पंख पाहा. आखूड वाटतात ना? आहेतच. या टोकापासून त्या टोकापर्यंत ६५ फूट, क्षेत्रफळ ६०२ चौरस फूट. भरलेल्या विमानाचं वजन सुमारे ३२ हजार पौंड, म्हणजे पंखाच्या दर चौरस फुटावर ५३ पौंडांचा भार. यालाच विंग लोडिंग म्हणतात. सुरुवातीच्या स्पिटफायर या ब्रिटिश लढाऊ विमानात तो २५ पौंडांच्या आसपास होता.

हे आखूडपण मुद्दाम ठेवलेलं होतं. १९३९ साली अमेरिकी लष्कराला वेगवान बॉम्बफेकी विमान हवं होतं. पंख लहान, तर हवेचा अडथळा कमी. मार्टिनचे अभियंते पेटन मॅग्रूडर यांनी तसाच आराखडा केला आणि नमुना विमान न बांधताच मागणी नोंदवली गेली. पहिलं उड्डाण २५ नोव्हेंबर १९४० रोजी झालं.

(दृश्य: उतरणारं विमान, बाजूने)

इथे वेगाकडे लक्ष द्या. पंखाची उचल वेगाच्या वर्गाने वाढते: वेग दुप्पट, तर उचल चौपट. त्यामुळे विंग लोडिंग चौपट झालं, तर विमान हवेत टिकवायला किमान वेगही दुप्पट लागतो. वळणही रुंद होतं. मरॉडरला धावपट्टीकडे येताना ताशी १५० मैलांच्या आसपास वेग राखावा लागे. नव्याने येणारा वैमानिक मात्र हलक्या, संथ विमानांवर शिकलेला. जमीन जवळ आली की वेग उतरवायचा, ही त्याची सवय. मरॉडरमध्ये तीच सवय घात करायची.

(दृश्य: इंजिनापुढचा पंखा, जवळून)

या पंख्याच्या पात्यांचा कोन विजेवर बदलत असे. बॅटरी उतरलेली असली, तर ऐन उड्डाणाच्या वेळी पाती सपाट व्हायची आणि त्या बाजूचा जोर संपायचा. एवढ्या लोडिंगच्या विमानाला कमी वेगात एका इंजिनावर सावरणं फार अवघड. फ्लोरिडातल्या मॅकडिल तळावर अपघात होत गेले, माणसं गेली, आणि विमानाला ‘विधवा करणारं’ हे नाव चिकटलं.

सिनेटर हॅरी ट्रूमन (पुढे राष्ट्राध्यक्ष) यांच्या सिनेट समितीने चौकशी केली. पंख ७१ फुटांचे झाले, क्षेत्रफळ ६५८ चौरस फुटांवर गेलं, शेपटीही उंच केली. पण तोवर चिलखत, मशीनगन, इंधन वाढून वजन ३७ हजार पौंडांच्या आसपास पोहोचलं होतं. भागाकार करून पाहा: ५६ पौंड! लांब पंखांनीसुद्धा लोडिंग उतरलं नाही, उलट चढलं.

बदल घडला तो शिकवण्यात. नामवंत वैमानिक जिमी डूलिटल यांनी विमान तपासलं, एका इंजिनावर उडवून दाखवलं आणि दोष प्रशिक्षणाचा आहे असं सांगितलं. वेग कधी सोडायचा नाही, बॅटरी कशी जपायची, एक इंजिन बंद पडलं तर पहिल्या क्षणी काय करायचं, हे रीतसर शिकवलं जाऊ लागलं.

(दृश्य: कॅन्ससमधला डॉज सिटी तळ)

आणि या स्त्रिया. ‘वॉस्प’ या अमेरिकी महिला दलाच्या वैमानिक. याच बदनाम विमानाचं शिक्षण त्यांनी १९४३ साली इथे घेतलं, आणि पुढे नेमबाजीच्या सरावासाठी लक्ष्यं ओढत त्या मरॉडर उडवत राहिल्या. ज्याला पुरुष वैमानिक घाबरत होते, ते त्यांनी उडवून दाखवलं. माजी सैनिकांचा दर्जा मात्र त्यांना १९७७ साली मिळाला.

(दृश्य: ‘फ्लॅक बेट’, संग्रहालयात)

१७ मे १९४३ रोजी हॉलंडमधल्या एमाउडनवर जमिनीलगत उडत गेलेल्या तुकडीतलं एक विमान वाटेतून परतलं, बाकीची दहाही नष्ट झाली. त्यानंतर मरॉडर मध्यम उंचीवरून हल्ले करू लागलं. युद्धाअखेर युरोपातल्या अमेरिकी बॉम्बफेकी विमानांत सर्वांत कमी हानीचं प्रमाण त्याचंच होतं. हे ‘फ्लॅक बेट’ नावाचं मरॉडर तर दोनशेहून अधिक मोहिमा करून परतलं.