चाच्यांचा पाठलाग करायला निघालेला कमोडोर : थॉमस मॅथ्यूज आणि १७२१ ची मोहीम

श्रोतेहो, शिडांच्या जहाजांच्या काळात चाच्यांचा बंदोबस्त करण्यासाठी पाठवलेल्या आरमारी अधिकाऱ्यांपैकी जे यशस्वी झाले, त्यांची नावे इतिहासात ठळक आहेत. शॅलोनर ओगल हा त्यांतला मोठा. फेब्रुवारी १७२२ मध्ये आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, केप लोपेझजवळ, त्याच्या 'स्वॅलो' या युद्धनौकेने बार्थोलोम्यू रॉबर्ट्स या चाच्याला गाठले. रॉबर्ट्स लढाईत मारला गेला, त्याच्या बावन्न साथीदारांना केप कोस्टच्या किल्ल्यावर फाशी देण्यात आले आणि ओगलला 'सर' हा किताब मिळाला. मी आज मात्र ज्याच्याविषयी बोलणार आहे, तो त्याच वर्षी, त्याच कामावर, दुसऱ्या महासागरात होता आणि त्याच्या हाती एकही नामांकित चाचा लागला नाही. त्याचे नाव थॉमस मॅथ्यूज; तो इंग्रजी आरमाराचा कमोडोर, म्हणजे ताफ्याचा प्रमुख अधिकारी होता. त्याचे अपयश मला ओगलच्या यशापेक्षा अधिक अभ्यासण्याजोगे वाटते, कारण चाचेगिरी कशावर जगत होती हे त्यातून स्वच्छ दिसते.

मॅथ्यूज हा वेल्समधील लँडाफचा. १७१८ च्या पासारोच्या लढाईत त्याने 'केंट' या जहाजाचे नेतृत्व केले होते, म्हणजे तो कसलेला दर्यावर्दी होता, याबद्दल शंका नको. त्याला चार युद्धनौका देऊन पूर्वेकडे पाठवण्यात आले, त्याचे कारण मादागास्करच्या आसऱ्याने वावरणारे चाचे. ऑगस्ट १७२० मध्ये एडवर्ड इंग्लंड आणि जॉन टेलर यांनी कोमोरो बेटांपैकी जोहाना येथे ईस्ट इंडिया कंपनीचे 'कॅसांड्रा' हे जहाज घेतले. पुढच्या एप्रिलमध्ये टेलर आणि ऑलिव्हिए लव्हासर यांनी आजच्या रियुनियन बेटावर पोर्तुगीजांचे 'नोसा सेन्योरा दो काबो' हे वादळात मोडकळलेले जहाज पकडले. त्यावर गोव्याहून मायदेशी निघालेला माजी व्हाइसरॉय, एरिसेराचा काउंट, होता आणि हिऱ्यांचा मोठा साठा होता. एवढी लूट एका वेळी क्वचितच कोणा चाच्याच्या हाती लागली असेल.

वाटेत मादागास्करच्या सेंट ऑगस्टीन उपसागरात मॅथ्यूजने मागून येणाऱ्या आपल्या एका कप्तानासाठी पत्र ठेवले आणि ते स्थानिक लोकांच्या हवाली केले. ते चाच्यांच्या हाती पडले आणि ताफा किती मोठा आहे, तो कोणत्या दिशेने गेला आहे, हे त्यांना आयतेच कळले. ज्या किनाऱ्यावरचे लोक रोज चाच्यांशी देवघेव करत, तेथे ते पत्र चाच्यांपासून लपून राहील असे मानणे म्हणजे त्या किनाऱ्याचा व्यवहारच न समजणे होय.

सप्टेंबर १७२१ मध्ये ताफा मुंबईला आला. आल्या आल्या पहिली सलामी कोणी द्यायची, राजाच्या कमोडोरने की कंपनीच्या गव्हर्नरने, यावरून मॅथ्यूज आणि गव्हर्नर चार्ल्स बून यांचा वाद झाला. तो शमल्यावर बूनने त्याला वळवले ते मादागास्करकडे नव्हे, तर आपल्या कुलाब्याकडे. कंपनीच्या कागदपत्रांत कान्होजी आंग्रे यांची गणना चाच्यांत होत असे आणि बूनच्या माणसांनी विजयदुर्ग व खांदेरी येथे आधीच मार खाल्ला होता. राजाच्या मोठ्या युद्धनौका बंदरात उभ्या असताना ही संधी त्याला सोडवेना. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉयही सामील झाला आणि दोघांचे सैन्य चौलहून अलिबागवर चालून गेले.

कान्होजी हे छत्रपती शाहू महाराजांचे सरखेल, म्हणजे आरमाराचे प्रमुख होते. त्यांच्याकडे किल्ले होते, मुलूख होता, वसूल होता आणि आपल्या पाण्यातून जाणाऱ्या जहाजांना दस्तके, म्हणजे परवाने, देण्याची त्यांची पद्धत होती. ती दस्तके इंग्रजांना मान्य नव्हती, हा भांडणाचा मूळ मुद्दा. दुसऱ्याचे जहाज पकडणे ही कृती मादागास्करच्या टेलरचीही होती आणि कान्होजींचीही होती, पण टेलरच्या मागे जमीन नव्हती आणि कान्होजींच्या मागे आख्खे मराठी राज्य होते. हा फरक बूनने मानला नाही आणि मॅथ्यूजने विचारात घेतला नाही. त्याची किंमत थोड्याच दिवसांत कळली. अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला अशा खडकावर आहे की ओहोटीला तेथे चालत जाता येते. तिथल्या उथळ पाण्यात जड युद्धनौकांना भिंतीजवळ जाणे अवघड होते. ज्या बळावर मॅथ्यूजची सारी भिस्त होती, ते तोफांचे बळ तेथे पुरेसे कामी येईना.

२४ डिसेंबर १७२१ रोजी शिड्या लावून हल्ला झाला आणि तो मोडून काढला गेला. तोवर शाहू महाराजांनी धाडलेले बाजीराव पेशवे आणि पिलाजी जाधव घोडदळासह कोकणात उतरले होते, आणि पोर्तुगीजांची फळी विस्कटली. मोहिमेवर असलेला क्लेमंट डाउनिंग हा तरुण मिडशिपमन, म्हणजे आरमारातला शिकाऊ अधिकारी, लिहितो की, एका मराठा स्वाराने मॅथ्यूजच्या मांडीत भाला घातला, संतापलेला कमोडोर त्याच्यामागे घोडा फेकत गेला, पण ऐनवेळी पिस्तुलांनी दगा दिला. पुढे आपल्या मित्रसैन्याच्या पळापळीवर चिडून त्याने पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताच्या सेनापतीच्या तोंडात हातातली छडी खुपसली. जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगीजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला आणि इंग्रज एकटे पडले.

त्यानंतर मॅथ्यूज आपल्या खऱ्या कामगिरीवर, मादागास्करला, गेला. सेंट मेरी बेटाजवळ त्याला लुटलेल्या व्यापारी जहाजांचे सांगाडे दिसले; किनाऱ्यावर मिरी, लवंगा आणि चिनी मातीची भांडी पडलेली होती. माल होता, मालक नव्हते. चाचे विखुरले होते. मागे राहिलेल्यांपैकी जेम्स प्लँटेन नावाचा जमैकाचा एक चाचा रँटर बे येथे गढी बांधून स्वतःला तिथला राजा म्हणवून घेत होता. त्याच्याशी मॅथ्यूजच्या लोकांची भेट झाली, आणि डाउनिंगच्या वृत्तान्तानुसार तिथे व्यापार झाला. टोप्या, बूट, मोजे, दारू जहाजांवरून उतरली आणि मोबदल्यात चाच्यांचे सोने व हिरे वर चढले.

माझ्या मते या मोहिमेचा सारा निकाल त्या किनाऱ्यावर लागला. चाच्याला हिरे खाता येत नाहीत. शेकडो मैल दूर, सुतारखाना नाही, कोठार नाही, अशा जागी त्याला कपडे हवेत, दारू हवी, बंदुकीची दारू हवी, डोलकाठीला लाकूड आणि शिडाला कापड हवे. आणि हे सारे आणून देणारा व्यापारी भेटतो तोवरच त्याच्या लुटीला किंमत असते. ही गोष्ट लंडनमध्ये चांगली समजली होती. पार्लमेंटने त्याच सुमारास केलेल्या चाचेगिरीविषयक कायद्यात चाच्यांशी जाणूनबुजून व्यापार करणाऱ्यालाही चाचा ठरवण्याची तरतूद होती, आणि युद्धनौकेवर व्यापारी माल वाहणाऱ्या कप्तानांना शिक्षाही सांगितली होती. ज्याने ही नाडी आवळायची, त्याच कमोडोरची जहाजे प्लँटेनचा बाजार झाली, याहून मोठा कर्तव्यलोप मला तरी दिसत नाही.

तेथून तो बंगालला गेला, आणि पुन्हा व्यापारासाठीच. कलकत्त्याहून त्याने कॅथरीन गिफर्ड या विधवेला आपल्या 'लायन' जहाजावर आसरा दिला. कंपनीने तिच्यावर पैशांचा दावा लावला होता. हीच बाई १७१२ मध्ये, तेव्हाच्या पतीच्या मृत्यूनंतर, कान्होजींच्या कैदेत पडली होती आणि तीस हजार रुपयांच्या खंडणीवर सुटली होती. कंपनीचा रोष पत्करून मॅथ्यूजने तिला इंग्लंडला पोहोचवले. या एका बाबतीत त्याचे वागणे मला भले वाटते.

जुलै १७२३ मध्ये तो परतला. कंपनीने तक्रारी केल्या आणि डिसेंबर १७२४ मध्ये त्याच्यावर कोर्ट मार्शल झाले. बेकायदा व्यापाराबद्दल त्याचा चार महिन्यांचा पगार कापण्यात आला. एवढी सौम्य शिक्षा झाल्याने त्याची कारकीर्द संपली नाही. १७४४ च्या तुलाँच्या लढाईत तो अ‍ॅडमिरल म्हणून उभा होता, आणि त्या लढाईतील वर्तनावरून मात्र १७४७ मध्ये त्याला आरमारातून काढून टाकण्यात आले.

ज्यांच्यासाठी तो निघाला होता, त्यांपैकी टेलर 'कॅसांड्रा' घेऊन अटलांटिक ओलांडून गेला आणि पनामाच्या किनाऱ्यावर, पोर्टोबेलो येथे, १७२३ मध्ये स्पॅनिश अधिकाऱ्यांकडून माफी मिळवून मोकळा झाला. लव्हासरला फ्रेंचांनी १७३० मध्ये रियुनियनवर फाशी दिले. प्लँटेन, डाउनिंगच्या म्हणण्यानुसार, मादागास्कर सोडून हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर आला आणि आंग्र्यांच्या चाकरीत रुजू झाला. आणि कुलाबा, १७२९ मध्ये कान्होजी वारले तेव्हाही, आंग्र्यांच्याच ताब्यात होता.