घंटी नेमकी कधी वाजवावी?

शालिनी पॅलेसच्या मनोऱ्यावर ऊन येण्याआधीच रंकाळ्याच्या काठावर गर्दी झालेली असते. तालमीतली पोरे घाम गाळत पळत असतात, आजोबा काठी टेकत चालतात आणि आमच्या चित्रणातल्या या चौघी मैत्रिणी गप्पांच्या नादात अख्खी वाट अडवून निघालेल्या आहेत.

त्यांच्या मागून येणारा सायकलस्वार दोन हातांवर आल्यावर घंटी वाजवतो. पुढे काय घडते, ते संथ गतीने पाहू. आवाज ऐकताच उजवीकडच्या बाईंची मान उजव्या खांद्यावरून मागे वळते, मानेबरोबर खांदा वळतो, आणि पाऊल पडते ते नेमके त्या जागी, जिथून सायकल पुढे काढायची होती. या वेळी ब्रेक लागला. उतारवयात अशा धक्क्याने खुब्याचे हाडही मोडू शकते.

आता तोच सायकलस्वार, तीच वाट. चालणाऱ्याचा वेग ताशी ५ किलोमीटर आणि सायकलचा १५ धरला, तर २० मीटर मागून वाजवलेली घंटी पुढच्या माणसाला सुमारे ७ सेकंद देते. तेवढ्यात दचकणे, वळून पाहणे आणि बाजूला होणे हे सारे निवांत उरकते. जवळ येऊन वाजवलेली घंटी हा इशारा नसून दटावणी असते, असे आम्हाला हे चित्रण करताना वारंवार वाटले.

घंटी नसलेल्या धावपटूंनी हाक द्यावी, पण शब्द जपून निवडावेत. आपल्याकडे डावीकडून चालायचे आणि उजवीकडून पुढे जायचे, हा रस्त्याचा नियम इथेही सोयीचा आहे. तरीही ‘उजवीकडून येतोय’ असे ओरडले, की गडबडीत ‘उजवीकडे’ एवढेच कानावर पडून माणूस उजवीकडेच सरकतो. त्यापेक्षा या मुलाची हाक ऐका : ‘काका, डावीकडंच ऱ्हावा!’ समोरच्याने काय करायचे, तेच त्याने सांगितले.

कानात इअरफोन असणाऱ्यापुढे मात्र घंटी आणि हाक दोन्ही व्यर्थ. तिथे वेग चालण्याइतका कमी करून मोकळी जागा मिळेपर्यंत मागेच राहावे. कुत्र्याचा पट्टा वाटेवर आडवा ताणलेला दिसला, तरी हेच.

पुन्हा त्या चौघी. लांबून घंटी येते, दोघी मागे सरकतात, सायकलस्वार हात उंचावून पुढे निघून जातो, आणि त्यांच्या गप्पा जिथे होत्या तिथूनच सुरू राहतात.