आकडा चढतो, पण उशिरा

नमस्कार श्रोतेहो. इंदूरच्या सगळ्या मराठी घरांना, आणि आज खास करून बाळाची वाट बघत दर महिन्याला तारखा मोजणाऱ्या जोडप्यांना.

सकाळचं तापमान घेतलं की बीज कधी सुटतं ते कळतं, असं बऱ्याच जणींनी मोबाइलवर वाचलेलं असतं. कळतं, पण उशिरा. स्त्रीबीज बाहेर पडलं की अंडाशयात प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक (हार्मोन) वाढतं आणि अंगाचं तापमान साधारण अर्धा अंश फॅरनहाइट चढतं, ते पुढच्या पाळीपर्यंत. समजा रोज 97.2च्या आसपास असणारा आकडा 97.8वर गेला आणि लागोपाठ तीन दिवस आधीच्या सहा दिवसांपेक्षा चढाच राहिला, तर बीज सुटून गेलं. ते जगतं जेमतेम 12 ते 24 तास. मग नवऱ्याला भोपाळहून तातडीने बोलावून काय उपयोग? शुक्राणू मात्र पाच दिवसांपर्यंत तग धरतात, म्हणून कामाचे दिवस आकडा चढण्याआधीचे.

ते ओळखायचे योनीतून येणाऱ्या स्रावावरून. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यासारखा, बोटांत ताणला जाणारा स्राव दिसला की ते दिवस आले. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून चौदाव्या दिवशी बीज सुटतं, हा हिशेब 28 दिवसांच्या पाळीचा. 35 दिवसांनी पाळी येणारीचं बीज बहुधा एकविसाव्या दिवसाच्या आसपास सुटतं.

थर्मामीटर उशाशीच ठेवा. डोळे उघडले की आधी तो जिभेखाली, मग चहा, मग दूधवाला. रोज एकाच वेळी, निदान तीन-चार तास सलग झोप झाल्यावर. सराफ्यात मध्यरात्रीपर्यंत भुट्ट्याचा कीस खात हिंडलात, रात्रपाळी झाली, ताप आला, तर आकड्याशेजारी फुली मारा. चौकटीच्या वहीत तीन महिने नोंदी केल्या की आपल्या पाळीची चाल दिसू लागते. वही सासूबाईंना दाखवायची का, ते तुम्ही ठरवा. मी तर कपाटात ठेवीन.

चढलेला आकडा 18 दिवस उतरलाच नाही, तर घरी लघवीची तपासणी करून बघा. वर्षभरात दिवस राहिले नाहीत, किंवा वय 35च्या पुढे असून सहा महिने गेले, तर डॉक्टरांकडे जा. वही न्या, नवऱ्यालाही न्या. वीर्यतपासणी साधी असते, तरी बायकोच्या सोनोग्राफ्या होऊन गेल्यावरच त्याचा नंबर लागतो. पुरुषमंडळी, डॉक्टरांनी पहिल्याच खेपेला ती लिहून दिली तर नाक मुरडू नका.