व्हायकिंग पाहुणा घरी येतो तेव्हा

नमस्कार मंडळी. आजचा विषय आहे व्हायकिंग, म्हणजे उत्तर युरोपातले हजार वर्षांपूर्वीचे दर्यावर्दी, नायक असलेल्या विनोदी कालप्रवासी प्रेमकादंबऱ्या. सुरुवात एका नवरीपासून करते.

ही नवरी पंगतीत बसते आणि एकटीनं एक अख्खा बैल फस्त करते. त्यावर आठ सामन मासे. बायकांसाठी वेगळे काढून ठेवलेले खास पदार्थ ती संपवते आणि वर मधाच्या दारूची तीन पिंपं रिचवते. नवरदेव हबकतो. हा नवरदेव म्हणजे थ्रिम नावाचा राक्षस. त्यानं थोर या देवाचा हातोडा पळवलाय आणि तो परत द्यायचा तर फ्रेया देवी बायको म्हणून हवी, असं अडून बसलाय. फ्रेया साफ नकार देते. मग देव मंडळी थोरलाच नवरी करतात. गळ्यात फ्रेयाचा हार, तोंडावर ओढणी, कमरेला घरधनिणीचा किल्ल्यांचा जुडगा. शेजारी करवलीच्या वेषात लोकी, देवांमधला बिलंदर. थ्रिम म्हणतो, “एवढं खाणारी मुलगी मी जन्मात पाहिली नाही!” लोकी पटकन उत्तर देतो, “तुमच्या घरी यायच्या ओढीनं तिनं आठ रात्री अन्नाला शिवलेलं नाही.” राक्षस विरघळतो. मुका घ्यायला ओढणी उचलतो, तर आत निखाऱ्यासारखे डोळे! तो मागे उडी मारतो ती थेट दिवाणखान्याच्या दुसऱ्या टोकाला. लोकी पुन्हा तयार: “आठ रात्री डोळ्याला डोळा नाही हो तिच्या.”

पुढे हातोडा नवरीच्या मांडीवर ठेवला जातो आणि लग्नघरात काय होतं ते सांगायला नको.

हे गीत तेराव्या शतकातल्या एका आइसलँडी हस्तलिखितात जपलं गेलंय. आजचा विषय मी निवडला तेव्हा काहींनी विचारलं, व्हायकिंग म्हणजे लुटारू, त्यांच्या विनोदी प्रेमकथा कशा होतील? माझं उत्तर या नवरीत आहे. आपल्या सर्वांत बलाढ्य देवाला नवरीचा वेष चढवून पोट धरून हसणारी ही माणसं होती. आज एखादी लेखिका त्यांच्यातला एक उचलून विसाव्या शतकातल्या स्वयंपाकघरात उभा करते, तेव्हा ती त्याच्यावर परका विनोद लादत नाही. तो विनोद त्याच्या घरचाच आहे.

तर कालप्रवास, प्रेम आणि विनोद असं तिहेरी काम करणाऱ्या या कादंबऱ्या. अमेरिकेत हा प्रकार १९९० च्या दशकात बहरला. सँड्रा हिल या लेखिकेची ‘द रिलक्टंट व्हायकिंग’ ही कादंबरी १९९४ सालची. त्यातली नायिका मन खंबीर करणारी एक ध्वनिफीत ऐकत पडते आणि जागी होते ती हजार वर्षांपूर्वीच्या जगात. तिथला व्हायकिंग तरुण हुबेहूब तिच्या नवऱ्यासारखा दिसतो. नवरा तिला सोडून निघालाय, आणि हा दांडगाही तिला टाळतोय. एकाच पुरुषाला दोनदा गमवायचं नाही, एवढा तिचा निश्चय. मला ही कल्पना फार आवडते. लग्नात साचलेला दुरावा समोरासमोर बसून बोलता येत नाही, म्हणून लेखिका मध्ये हजार वर्षांचं अंतर टाकते आणि मग ते हसत हसत ओलांडायला लावते.

मार्क ट्वेननं १८८९ सालीच एका अमेरिकन कारागिराला आर्थर राजाच्या दरबारात पाठवलं होतं. पण त्याच्या पुस्तकात विनोदाचा शेवट यंत्रांनी केलेल्या कत्तलीत होतो. प्रेमकादंबरीला तो रस्ता बंद आहे. तिचा वाचकाशी करार असतो की शेवटी ही दोघं एकत्र येणार. त्यामुळे काळाची तफावत नुसती दाखवून भागत नाही, ती संसारात बसवून दाखवावी लागते. हे काम कठीण आहे आणि त्याला मिळायला हवा तो मान मिळत नाही.

आपल्याला ही कल्पना नवी नाही, हे जाता जाता सांगते. रेवतीसाठी वर कोण योग्य, हे विचारायला तिचा बाप ककुद्मी तिला घेऊन ब्रह्मदेवाकडे जातो. तिथं गाणं चाललेलं असतं म्हणून थोडा थांबतो. तेवढ्यात पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगं उलटतात. परत आल्यावर माणसं बुटकी झालेली, आणि रेवती मात्र जुन्या युगातली, उंचच उंच. मग बलराम नांगराच्या टोकानं तिला खाली ओढून आपल्या मापाची करतो आणि लग्न होतं. कालप्रवास, प्रेम, विनोद, तिन्ही आहेत. माप मात्र नवरीलाच कमी करावं लागलं, हे मला लहानपणापासून खटकतं. व्हायकिंग कादंबऱ्यांत बहुतेक वेळा नायकाला वाकावं लागतं.

आता हा नायक आपल्या काळात आला की काय होतं? साधारण लिहिणारी लेखिका त्याला फ्रीज दाखवते, मायक्रोवेव्ह दाखवते, शॉवरखाली उभा करते. तिसऱ्या यंत्रापाशी वाचकाचं हसू आटतं. कारण त्यात आपण शहाणे आणि तो अडाणी एवढंच उरतं. जाणती लेखिका त्याच्या डोळ्यांनी आपलं घर बघते.

‘हावामाल’ नावाचं जुन्या नॉर्समधलं, म्हणजे व्हायकिंगांच्या भाषेतलं, नीतिकाव्य आहे. त्यात पाहुण्याचं कसं करावं ते सांगितलंय: गुडघे गारठून आलेल्याला शेकोटी द्या, अन्न आणि कपडे द्या, जेवायला बसणाऱ्याला हात धुवायला पाणी आणि अंग पुसायला पंचा द्या, दोन गोड शब्द बोला. आपल्याकडे पाय धुवायला पाणी आणि वर गूळ देत, तसंच हे. आता असा माणूस एका आधुनिक सदनिकेत येऊन उभा राहिला, आणि समोरची बाई भेदरून हातात तवा घेऊन उभी आहे, असं दृश्य बघा. त्याच्या हिशेबानं तिनं आतिथ्याचा पहिलाच नियम मोडलाय. तो मनापासून दुखावलाय. इथं खरं हसू येतं, आणि इथंच तिला पहिल्यांदा वाटतं की या रानटी दिसणाऱ्या माणसाला काही रीत आहे.

त्याच्या शिंगांच्या शिरस्त्राणाबद्दलही बोलू. ती शिंगं व्हायकिंगांची नव्हेत. १८७६ साली जर्मनीत बायरॉइथ इथं वाग्नर या संगीतकाराची ऑपेरा-मालिका रंगमंचावर आली, तेव्हा कार्ल एमिल डप्लर या वेषभूषाकारानं ती चढवली, आणि नंतर ती उतरलीच नाहीत. नॉर्वेत ग्येरमुंडबू इथं १९४३ साली व्हायकिंग काळातलं लोखंडी शिरस्त्राण सापडलं. त्याला डोळ्यांभोवती चष्म्यासारखी पट्टी आहे, शिंगं नाहीत. मुखपृष्ठावर शिंगं दिसली की मला आतल्या संशोधनाचीही काळजी वाटायला लागते.

पण मुखपृष्ठावरचे ते लांब, विंचरलेले केस? ते खरे आहेत. वॉलिंगफर्डच्या जॉनच्या नावानं ओळखली जाणारी तेराव्या शतकातली एक इंग्लिश बखर आहे. तिच्यात तक्रार आहे की हे डेन लोक, म्हणजे इंग्लंडात उतरलेले व्हायकिंग, रोज केस विंचरतात, दर शनिवारी आंघोळ करतात, कपडे वरचेवर बदलतात, आणि असल्या चाळ्यांनी आपल्या बायकामुलींना भुलवतात! शनिवारला नॉर्स भाषेत नावच ‘लाउगारदागुर’, म्हणजे न्हाण्याचा दिवस. आइसलँडमध्ये आजही तोच शब्द आहे. इंग्लंडमधल्या यॉर्कच्या कॉपरगेट भागात १९७६ पासून पाच वर्षं उत्खनन झालं, तिथं शिंगांपासून केलेले कंगवे मिळाले. लिंकनमध्ये मिळालेल्या एका कंगव्याच्या पेटीवर रून लिपीत कोरलंय: थोरफास्टनं चांगला कंगवा बनवला. स्वतःच्या कंगव्याचा अभिमान असलेला माणूस! प्रेमकथेला आणखी काय हवं?

दुसरी बाजूही सांगायला हवी. बगदादच्या खलिफाचा दूत इब्न फदलान याला ९२२ साली व्होल्गा नदीकाठी रूस, म्हणजे पूर्वेकडे गेलेले व्हायकिंग, व्यापारी भेटले. खजुराच्या झाडासारखे उंच, इतके देखणे देह आपण पाहिले नाहीत, असं तो लिहितो. आणि पुढं लिहितो की ईश्वरानं निर्मिलेल्यांत यांच्याइतकं गलिच्छ कोणी नाही, कारण सकाळी एकाच घंगाळातल्या पाण्यात सगळे एकामागून एक तोंड धुतात. वाहत्या पाण्यानं शुद्ध होणाऱ्या मुसलमानाचा तो शहारा आहे. कादंबरीतली नायिका आपल्या व्हायकिंगबद्दल एकाच दिवशी ‘काय देखणा’ आणि ‘ई!’ असं दोन्ही म्हणते. अकराशे वर्षांपूर्वी इब्न फदलानही तेच म्हणत होता.

भाषेचा प्रश्न बहुतेक लेखिका जादूनं सोडवतात. मला त्याचं वाईट वाटतं, कारण केवढी मौज हातची जाते! इंग्रजीत नॉर्समधून आलेले शब्द पाहा: नाइफ, स्किन, केक, अँगर. हजबंड हा शब्दही नॉर्स, ‘हूसबोंदी’, म्हणजे घरधनी. विंडो म्हणजे ‘विंदाउगा’, वाऱ्याचा डोळा. आपण खिडकीला गवाक्ष म्हणतो, म्हणजे गाईचा डोळा. भिंतीतल्या भोकाला डोळा म्हणावंसं दोन्हीकडच्या माणसांना वाटलं.

आणि एग. इंग्लंडचा पहिला मुद्रक विल्यम कॅक्स्टन यानं १४९० साली लिहिलेला किस्सा आहे. काही व्यापारी केंटच्या किनाऱ्यावर उतरले. एकानं एका घरच्या बाईकडे ‘एग्ज’ मागितली. ती म्हणाली, मला फ्रेंच येत नाही. व्यापारी चिडला, त्यालाही फ्रेंच येत नव्हतं! शेवटी दुसऱ्यानं ‘आयरन’ (eyren, म्हणजे अंडीच) मागितली, तेव्हा तिला कळलं. ‘एग’ हा नॉर्सचा वारसा, ‘आयरन’ जुनं इंग्रजी. म्हणजे दहाव्या शतकातला व्हायकिंग आजच्या लंडनमध्ये ‘एग’ म्हणाला तर त्याला अंडं मिळेल, पण १४९० सालच्या केंटमध्ये मिळणार नाही. या एका शब्दावर न्याहारीचं अख्खं प्रकरण उभं राहील.

या लोकांचा विनोद मात्र आरडाओरड्याचा नव्हता. सागा-वाङ्मयात, म्हणजे आइसलँडच्या जुन्या गद्यकथांत, तो मरणाच्या दारात उभा राहून, आवाज न चढवता बोलतो. ग्रेत्तिर सागामध्ये आत्लीला दारातच भाला भोसकतात. तो म्हणतो, “हल्ली रुंद पात्याच्या भाल्यांची चलती आहे,” आणि कोसळतो. न्याल सागामध्ये गुन्नार घरी आहे का, हे बघायला थोरग्रिमला छपरावर चढवतात. तो जखमी होऊन परत येतो. खालचे विचारतात, गुन्नार आहे का घरात? तो सांगतो, “ते तुम्ही शोधा. त्याचं शस्त्र मात्र घरात आहे, एवढं मला कळलं,” आणि मरून पडतो. विनोदी कादंबरीतला नायक सारखा गर्जना करताना दिसला की मला हे दोघं आठवतात. त्याला कमी बोलू द्या. तेच जास्त हसवतं आणि त्यातच तो जास्त आवडतो.

आणि नायिकेनं त्याला स्त्रीचे हक्क शिकवायचे, हा नेहमीचा प्रसंग जरा तपासून लिहायला हवा. लाक्सडेला सागामधली गुद्रून पंधराव्या वर्षी नको असलेल्या लग्नात ढकलली जाते. नवरा थोबाडीत मारतो. ती त्याला गळा खूप मोठा असलेला सदरा शिवून देते. बाईसारखे कपडे घालणारा पुरुष, हे घटस्फोटाला पुरेसं कारण! ती अर्धी मालमत्ता घेऊन मोकळी होते. आता कालप्रवासी नायिका गुद्रूनच्या चुलीपाशी बसली तर कोण कोणाला शिकवेल? म्हातारपणी मुलगा गुद्रूनला विचारतो, सर्वांत जास्त प्रेम कोणावर केलंस? ती म्हणते, “ज्याच्यावर सर्वांत जास्त प्रेम केलं, त्याच्याशीच मी सर्वांत वाईट वागले.” सातशे-आठशे वर्षांपूर्वी लिहिलेलं हे वाक्य वाचताना आजही माझा आवाज अडतो.

त्याच सागामध्ये मेल्कोर्का आहे, आणि तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मी हा विषय सोडणार नाही. होस्कुल्ड नावाचा आइसलँडी जमीनदार एका व्यापाऱ्याच्या तंबूत जातो. पडद्यामागं विकायला बारा बायका बसवलेल्या आहेत. तो तीन मार्क चांदी मोजून एक घेतो. ती मुकी आहे, असं व्यापारी आधीच सांगतो. तिला मुलगा होतो. काही वर्षांनी एका सकाळी होस्कुल्डला ओढ्याकाठी आवाज ऐकू येतो. ती मुलाशी बोलते आहे. ती मुकी नव्हतीच. आयर्लंडच्या राजाची मुलगी, पंधराव्या वर्षी पळवून आणलेली, आणि इतकी वर्षं मुलाखेरीज कोणाशी एक शब्द बोलली नव्हती.

७९३ साली इंग्लंडमधल्या लिंडिसफार्नच्या मठावर धाड पडली, तिथपासून व्हायकिंगांच्या जहाजांतून माणसं पळवली जात होती. आजच्या आइसलँडी लोकांच्या जनुकांत पुरुष पूर्वज बहुतांशी स्कँडिनेव्हियाचे आणि स्त्री पूर्वज निम्म्याहून जास्त आयर्लंड-स्कॉटलंडकडचे दिसतात. त्यातल्या काही स्वखुशीनं आल्या असतील. सगळ्या नाही. म्हणून नायक नायिकेला खांद्यावर टाकून पळवतो आणि ते गमतीत खपवलं जातं, ते पान मी मिटते. या प्रकारावर माझं प्रेम आहे म्हणूनच मिटते. उत्तम लेखिका पळवण्याचा विनोद करत नाही. ती त्याला काळातून उचलून आणते, त्याची तलवार, गलबत, माणसं, सगळं काढून घेते आणि एका बाईच्या दारात परका म्हणून उभा करते. आता मुक्कामाला परवानगी त्यानं मागायची, भाषा त्यानं शिकायची.

नॉर्वेत बर्गेनच्या बंदरात १९५५ साली आग लागली. नंतर खणताना रून कोरलेल्या शेकडो लाकडी काड्या सापडल्या: हिशेब, प्रार्थना, प्रेमाच्या चिठ्ठ्या. व्हायकिंग काळ ओसरल्यानंतरच्या त्या आहेत, पण लिपी तीच आणि माणसंही त्यांचीच नातवंडं. त्यातल्या एका काडीवर एवढंच आहे: “गीडा म्हणते, घरी चल.” तो कुठं बसला होता आणि किती प्यायला होता, ते काडीवर नाही. एका लेखिकेनं त्याला घरी जायला निघालेला दाखवावं, वाटेत काळाचा दरवाजा उघडावा, आणि हजार पानं हसत हसत त्यानं फक्त गीडाकडे परतायची वाट शोधावी, असं एक पुस्तक मला वाचायचं आहे. तुमच्यापैकी कोणी मराठीत लिहायला घेतलं, तर रूनच्या काड्यांवरची माझी सगळी टिपणं मी तुम्हाला आज इथंच देऊन जाईन.