गोधडी, ठकी आणि माझा पंप

नमस्कार, श्रोतेहो.

माझ्याकडे दोन मांजरं आहेत. ठकी नावाची तिरंगी भाटी आणि तिचा मुलगा बंड्या. बंड्या आता आईच्या दुप्पट झालाय, तरी तिच्याच ताटलीत तोंड घालतो. आणि मला मांजरांची ॲलर्जी आहे. चार शिंका आल्या नि गेल्या, अशातली नव्हे. श्वास अडकून रात्री दवाखान्यात न्यावं लागलं, अशातली. या दोन गोष्टी एका दमात सांगितल्या की समोरचा माणूस माझ्याकडे कसा बघतो, ते मला पाठ झालंय. तुम्हीही तसंच बघत असाल असं धरून पुढे बोलते.

ठकी आली ती २०१९ च्या महापुरात. सांगलीत निम्म्या गावात पाणी होतं. आमचा मजला वरचा, म्हणून खालच्या बिऱ्हाडांचं सामानसुमान आमच्याकडे चढलं. त्यात एका बादलीत, जुन्या टॉवेलाखाली, हे तळहाताएवढं पिल्लू होतं. भिजलेलं मांजर म्हणतात ते अगदी शब्दशः. पाणी ओसरलं, सामान परत गेलं, बादलीही गेली. पिल्लू राहिलं.

पहिलं वर्षभर मला सकाळी उठल्या उठल्या शिंका यायच्या. पुराच्या गाळाची धूळ उडते, असं मी म्हटलं. मग हंगाम सुरू झाला, तेव्हा उसाचं पाचट जाळतात त्याचा धूर, असं म्हटलं. मग हवा बदललीये. मांजर डोळे मिटून दूध पितं म्हणतात. इथे मांजर उघड्या डोळ्यांनी पीत होतं आणि डोळे माझे मिटले होते, तेही सुजून. ठकीला कुरवाळलेला हात चुकून डोळ्याला लागला की अर्ध्या तासात बुबुळाभोवतीचं पांढरं जेलीसारखं फुगायचं. तरी माझं आपलं पाचट.

मग एका जुलैमध्ये आठ दिवस झड लागली. खिडक्या बंद, घरात दोरीवर ओले कपडे, आणि दोन्ही मांजरं दिवसरात्र माझ्या गोधडीवर. रात्री तीनच्या सुमाराला मी उठून बसले ती बसलेच. दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर ओढलेले, छातीतून पावा वाजवल्यासारखा आवाज. यांनी विचारलं, काय होतंय? मला ‘काही नाही’ एवढंही एका श्वासात म्हणता येईना. ‘काही’ म्हटलं, थांबले, मग ‘नाही’. ते ऐकून यांनी गाडीची किल्ली घेतली.

हे मुद्दाम सांगते. वाक्य पुरं होत नाही, पंप मारूनही आराम पडत नाही, ओठ-नखं निळसर दिसायला लागली, तर सकाळची वाट बघायची नाही. १०८ ला फोन लावायचा किंवा जे वाहन मिळेल त्याने निघायचं. दमा आहे म्हणून माणूस रोज थोडा धापतोच, अशी घरच्यांना सवय होते, आणि ती सवयच घात करते.

पुढे ॲलर्जीची तपासणी झाली. ती कशी असते हे पुष्कळांना ठाऊक नसतं. आधी काही दिवस सेट्रिझिनसारख्या गोळ्या बंद ठेवायला सांगतात, नाहीतर निकाल खोटा येतो. मग हाताच्या आतल्या बाजूला बॉलपेनने आकडे घालतात, प्रत्येक आकड्यापाशी एकेक थेंब: घरातली धूळ, परागकण, झुरळ, कुत्रा, मांजर. त्या थेंबातून त्वचेला हलकेच टोचतात, रक्तसुद्धा येत नाही. आणि पंधरा मिनिटं बसायचं, खाजवायचं नाही. माझा मांजराचा आकडा सात होता. पाचव्या मिनिटालाच तिथे गांध उठायला लागली. दहाव्या मिनिटाला ती इतकी पसरली की सातचा आकडा तिच्या खाली गेला. तपासणाऱ्या बाई पट्टी लावून मोजताना म्हणाल्या, “घरी मांजर आहे का हो?” मी म्हटलं, “दोन.” त्या काही बोलल्या नाहीत. लिहून घेतलं.

मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो, हे आपण लहानपणापासून ऐकतो. ते अर्धंच खरं. केस बिचारा फक्त हमाल. खरा माल असतो मांजराच्या लाळेत आणि त्वचेतल्या ग्रंथींत. ‘फेल डी वन’ नावाचं एक प्रथिन आहे ते. मांजर दिवसभर स्वतःला चाटत बसतं, लाळ केसांवर वाळते, तिचे कण सुटतात आणि हवेत जातात. त्यातले कितीतरी पाच मायक्रॉनपेक्षा बारीक असतात. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड, त्यावरून अंदाज करा. धुळीसारखे ते खाली बसत नाहीत, तासन् तास तरंगतात. म्हणून मांजर खोलीत नसतानाही शिंका येतात.

आणि गंमत अशी, की हे प्रथिन विषारी वगैरे काही नाही. शेजारणीच्या मांडीवर तेच मांजर झोपतं, तिला काही होत नाही. वस्तीत धामण निघाली, कोणीतरी ‘नाग, नाग’ ओरडलं, आणि सगळे काठ्या घेऊन धावले. धामण गेली निघून, फुटली ती घरातलीच मडकी. तसं माझं शरीर करतं. आयजीई नावाची प्रतिपिंडं हाळी देतात, हिस्टामिन सुटतं, नाक गळतं, डोळे सुजतात, श्वासनळ्या आवळतात. ‘ॲलर्जी’ हा शब्द १९०६ साली व्हिएन्नातल्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने काढला. पण हाळी कोण देतं हे सापडायला १९६६ उजाडलं. इशिझाका आडनावाच्या एका जपानी नवरा-बायकोने अमेरिकेत ते शोधून काढलं आणि त्याच सुमाराला स्वीडनमध्येही ते स्वतंत्रपणे सापडलं.

आता सल्ले. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच: पोत्यात घाला आणि मंडईत सोडून या. गावोगाव हे चालतं, आणि मांजर चार दिवसांनी परत येतं तेव्हा लोकांना त्याचं कौतुकही वाटतं. सासूबाईंनी मात्र तो विषय एका वाक्यात संपवला. म्हणाल्या, “मांजराला काही झालं तर सोन्याचं मांजर करून काशीला द्यावं लागतं, आजचा भाव माहीत आहे का?” डॉक्टरांचं मत वेगळं होतं. मांजरं चांगल्या घरी देता आली तर उत्तम, असं त्यांनी सरळ सांगितलं. त्यांचं चूक नव्हतंच. पण पुढे जे सांगितलं ते जास्त उपयोगी पडलं: “आज मांजरं दिली म्हणून उद्या बरं वाटेल असं समजू नका. गाद्यांतून, पडद्यांतून हा माल निघून जायला चार-सहा महिने लागतात.” म्हणजे मांजरं गेली तरी घर धुवायचं होतंच. मग मी म्हटलं, आधी घर धुऊन बघू. डॉक्टर म्हणाले, बघा, पण तीन महिन्यांत दमा काबूत आला नाही तर मग माझं ऐकायचं. आपल्याकडे मांजर पाळतात आणि पथ्यही पाळतात. मला दोन्ही पाळायचं होतं.

सगळ्यात जड गेली ती गोधडी. आईच्या तीन नऊवारींची, तिनेच धावदोरा घातलेली. ठकीची लाडकी जागा तीच. तिला दुधाळ पंजांनी मळायची आणि झोपायची. मी रात्री तीच तोंडावर ओढायची. म्हणजे दिवसभर वाळवून ठेवलेला माल मी रोज रात्री स्वतःच्या नाकाशी धरत होते! गोधडी कढत पाण्यात तीनदा धुतली. पहिल्या पाण्याचा रंग सांगत नाही. मग दोन दिवस ती माझ्या उशाशी होती, आणि तिसऱ्या दिवशी मीच ती गॅलरीत मांजरांना दिली. घरात एकच गोधडी आणि दोन दावेदार. दमा ज्याला त्याने सोडायची.

झोपायची खोली मांजरांना कायमची बंद झाली. दिवसातले आठ तास आपण तिथे असतो, तेवढे फुप्फुसांना सुटीचे मिळाले. कापसाची गादी काढली. उशांना चेनची खोळ आली. आपल्या घरांत भिंतीपासून भिंतीपर्यंत गालिचे नसतात हे आपलं भाग्य, फरशीवरून ओलं फडकं फिरवलं की काम होतं. कोरडा केरसुणीचा केर मात्र मी घरात असताना काढायचा नाही. केरसुणी माल गोळा करत नाही, हवेत उडवते. हेपा गाळणीचं हवा शुद्ध करणारं यंत्र घेतलं. ती गाळणी ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण धरते. पण फक्त यंत्रावर विसंबून गोधडी तशीच ठेवली असती तर पैसे वाया गेले असते.

मांजरं विंचरणं, त्यांची मातीची पाटी बदलणं ही कामं आता यांच्याकडे, आणि तीही गॅलरीत. बंड्याचं ऑपरेशन केलं. न केलेल्या बोक्याच्या अंगावर हे प्रथिन जास्त तयार होतं, ऑपरेशननंतर कमी होतं. शिवाय त्याचं रात्रीचं गाणंही थांबलं, तो फायदा सगळ्या आळीला. अंघोळीचा प्रयोगही एकदा केला. आठवड्याच्या आत मांजराच्या अंगावरचा माल पूर्वपदावर येतो, आणि माझ्या हातावरचे ओरखडे भरायला दहा दिवस लागले. तो हिशेब जमला नाही.

मी शाळेत शिकवते. स्वीडनमधल्या एका पाहणीबद्दल वाचलं, की ज्या वर्गात मांजरवाल्या घरची मुलं जास्त, त्या वर्गात ज्यांच्या घरी मांजर नाही अशा दमेकरी मुलांचाही त्रास वाढला. माल कपड्यांवरून शाळेत येतो. माझ्या पहिल्या बाकावर एक पोरगी सतत नाक पुसत असायची. तिला मांजराचंच होतं की नाही, मला माहीत नाही, विचारायचं धाडसही झालं नाही. पण तेव्हापासून शाळेची साडी वेगळ्या कपाटात असते आणि नेसल्यावर मी गॅलरीत जात नाही.

औषधांबद्दल थोडं. ‘पंप लागला की सुटत नाही’ हे वाक्य मी किमान पन्नास जणांकडून ऐकलंय. त्यामागे स्टेरॉइडची भीती असते. पण रोज ओढायच्या पंपातलं स्टेरॉइड मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे मिलिग्रॅमच्या हजाराव्या भागात मोजतात, गोळीतलं मिलिग्रॅममध्ये. स्पेसरची नळी लावून ओढायचं, मग चूळ भरायची, नाहीतर तोंड येतं. रोजचा पंप वेगळा आणि अडीअडचणीचा वेगळा. अडचणीचा पंप आठवड्यातून दोनदापेक्षा जास्त लागायला लागला तर दमा काबूत नाही असं समजायचं आणि डॉक्टरांकडे जायचं. मी कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांच्या शेजारी त्याच्या खुणा करते. ॲलर्जीची लसही असते, तीन ते पाच वर्षं घ्यायची. दमा भडकलेला असताना ती देत नाहीत, आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच बसवून ठेवतात. मी अजून सुरू केलेली नाही. २०२० पासून अमेरिकेत एक मांजरांचं खाद्यही निघालंय, त्यात कोंबडीच्या अंड्यातली प्रतिपिंडं असतात, ती लाळेतलं हे प्रथिन निकामी करतात. सरासरी ४७ टक्के घट, असा आकडा आहे, मात्र तो बनवणाऱ्या कंपनीच्याच अभ्यासातला. ठकी काल उरलेल्या बांगड्यावर खूश होती.

कुत्रेवाल्यांसाठी एवढंच, की ‘ॲलर्जी न होणारी जात’ म्हणून जास्त पैसे मागितले तर देऊ नका. अमेरिकेत डेट्रॉइटच्या संशोधकांनी घरांतली धूळ तपासली, तेव्हा तसल्या जातींच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत मालाचं प्रमाण सारखंच निघालं.

गोठ्यात काम करणाऱ्यांनाही गाई-म्हशींच्या अंगच्या कोंड्याचा दमा होतो. फिनलंडमध्ये तर तो शेतकऱ्यांचा व्यवसायजन्य आजार म्हणून ओळखला जातो. माझा भाऊ गोठ्यातले कपडे न्हाणीच्या बाहेर खुंटीला ठेवतो आणि अंग धुऊनच घरात येतो. आजोबाही तेच करायचे, फक्त त्यामागचं त्यांचं कारण वेगळं होतं.

पण आपल्या सांगली-कोल्हापुरात कबुतरांचे शौकीन पुष्कळ, त्यांना कळकळीने सांगते. कबुतरांच्या विष्ठेने आणि पिसांच्या भुकटीने फुप्फुसाचा जो आजार होतो, तो माझ्या दम्यासारखा नव्हे. त्यात फुप्फुसाला आतून व्रण पडत जातात आणि ते भरून येत नाहीत. कोरडा खोकला, जिना चढताना धाप, वजन उतरणं असं चालू असेल तर छातीच्या डॉक्टरांना ‘माझ्याकडे कबुतरं आहेत’ हे आपणहून सांगा. आणि निदान तेच निघालं, तर ढाबळ दुसऱ्याला द्यावीच लागते. तिथे माझ्यासारखी घासाघीस चालत नाही.

माझी तीन महिन्यांची मुदत कधीच संपली. दवाखान्यात पुन्हा रात्री जावं लागलेलं नाही. पावसाळा आला की डॉक्टर औषध वाढवतात, आणि दर वेळी विचारतात, “अजून दोनच आहेत ना?” पुन्हा तशी रात्र आली तर मांजरं कुठे जातील तेही ठरवून ठेवलंय, माझ्या नणंदेकडे. तिने होकार दिलाय आणि मी तो शब्द मागे ठेवलाय.

रात्री दिवा मालवला की ठकी बंद दाराशी येते. ओरडत नाही. दाराखालच्या फटीतून एक पंजा आत सरकवते आणि तसाच ठेवते. मी दोनदा कूस बदलते. मग उठून, दाराशी खाली बसून त्या पंजाला एक बोट लावते. थोड्या वेळाने पंजा मागे जातो, आणि मी हात धुवायला मोरीकडे.

नमस्कार.