गामेरा परत येणार का, आणि आला तर कोणाचा?

सगळ्यात आधी एक गोष्ट क्लिअर करतो, आज मी गॉडझिलावर बोलणार नाहीये. म्हणजे त्याचं नाव मधेमधे येणारच, त्याला इलाज नाही, पण गॉडझिलाच्या चाहत्यांना सध्या रडायचं काही कारणच नाहीये. २०१६ ला ‘शिन गॉडझिला’ आला, २०२३ ला ‘मायनस वन’ आला, त्याला २०२४ मध्ये व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्कर मिळालं, तिकडे अमेरिकन सिरीज वेगळी चालूच आहे. त्यांचं ताट भरलेलं आहे. मला बोलायचंय ते गामेराच्या चाहत्यांबद्दल, जे बिचारे कित्येक वर्षं ताट मांडून बसलेत.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगतो. गामेरा म्हणजे राक्षसी कासव, तोंडाला सुळे, आग ओकतो, आणि पाय कवचात ओढून घेतले की त्या भोकांतून ज्वाळा सोडत गरागरा फिरत उडतो. हसा, हसा, सगळेच पहिल्यांदा हसतात. आपल्याकडे देवळात सभामंडपात कासव असतंच, आपण त्याला हात लावून पुढे जातो, त्यामुळे कासव हा रक्षणकर्ता वगैरे कल्पना आपल्याला पचायला तशी सोपी जाते. उडण्याचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

हा प्राणी आला १९६५ च्या नोव्हेंबरमध्ये, दाइएइ नावाच्या कंपनीतून. आता फिल्म क्लबवाल्यांनी जरा सावरून बसा, कारण ही तीच दाइएइ जिने ‘राशोमोन’ काढला आणि १९५१ ला व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन, म्हणजे तिथलं सगळ्यात मोठं बक्षीस, नेला. मालक पण तेच, मासाइची नागाता. साठच्या दशकात तोहो या दुसऱ्या कंपनीचा गॉडझिला गल्ला भरत होता आणि नागाता साहेबांना आपलाही एक राक्षस हवा होता. त्यांनी आधी काय करायला घेतलं होतं माहितीय? ‘नेझुरा’, महाकाय उंदरांचा पिक्चर, आणि त्यात छोट्या सेटवर खरेखुरे जिवंत उंदीर सोडायचे असा प्लॅन. उंदीर आणले, उंदरांबरोबर पिसवा आल्या, सगळीकडे पसरल्या, आरोग्यवाल्यांनी कान धरले, प्रोजेक्ट बंद. मग कासव. सिनिअर दिग्दर्शकांनी हात झटकले म्हणून ते गेलं नोरिआकी युआसा या नवख्या माणसाकडे, आणि तोहो रंगीत पिक्चर काढत असताना यांना पैसे मिळाले ब्लॅक अँड व्हाइटपुरते. तरी चालला! लहान पोरांनी उचलून धरला.

मग दरवर्षी एक पिक्चर, प्रत्येकात गामेरासमोर नवा राक्षस. बारुगोन, ग्याओस, विरास, गुइरोन, जायगर, झिग्रा. यातला गुइरोन म्हणजे ज्याचं डोकंच सुरीचं पातं आहे आणि तो एका दुसऱ्या राक्षसाच्या चक्क चकत्या करतो, ते दृश्य मुलांच्या पिक्चरमध्ये आहे हे लक्षात घ्या. बजेट मात्र वर्षागणिक आटत गेलं, विरासच्या वेळी तर जुन्याच मारामाऱ्या पुन्हा दाखवून वेळ भरून काढला. १९७१ ला दाइएइ दिवाळखोरीत गेली आणि गामेरा बंद पडला.

इथून पुढे माझा मुद्दा सुरू होतो. चाहते म्हणतात ‘परत आणा’, पण गामेराचा इतिहास नीट बघितला तर तो चाहत्यांनी मागितला म्हणून परत आला असं फार कमी वेळा झालंय. तो परत येतो मालक बदलला की. १९७४ ला दाइएइ गेली तोकुमा शोतेन या प्रकाशन कंपनीकडे (ही तीच तोकुमा जिच्या पैशावर पुढे स्टुडिओ घिब्ली हा ॲनिमेशन स्टुडिओ उभा राहिला, म्हणजे घिब्लीचा तोतोरो आणि गामेरा एका अर्थी चुलत भाऊच). २००२ ला तोकुमाने दाइएइ विकली कादोकावाला, पुन्हा प्रकाशन कंपनी, आणि २००६ ला नवा गामेरा. त्यामुळे या चाहत्यांना एक विचित्र सवय लागलीय, ते शेअर बाजाराच्या बातम्या वाचतात. २०२४ च्या जूनमध्ये कादोकावावर सायबर हल्ला झाला तर यांच्या पोटात गोळा, २०२५ च्या जानेवारीत सोनी सुमारे दहा टक्के हिस्सा घेऊन कादोकावाची सगळ्यात मोठी शेअरहोल्डर झाली तर यांच्या गल्लीत दिवाळी. सोनीकडे स्टुडिओ आहे, पैसा आहे, मग आता गामेरा येणार! अहो, सोनी काय कासवासाठी गेली नव्हती तिथे, तिला ॲनिमे, कादंबऱ्या आणि गेम्स हवेत. पण आशा ही अशीच असते, तिला ताळेबंद दाखवला तरी ती त्यात कासव शोधते.

बरं, परत येणं म्हणजे आपोआप चांगलं असंही नाही. १९८० ला एकदा आला ना. आणि काय आलं? जुन्या पिक्चरमधल्या मारामाऱ्या कापून एकत्र चिकटवल्या, मधे अंतराळातल्या सुपरहिरो बायका घातल्या, आणि शेवटी गामेराला मारून टाकलं. ज्यांना ‘अगदी जुन्यासारखाच हवा’ होता त्यांना अक्षरशः जुनाच मिळाला. मी हे उदाहरण मुद्दाम देतो, कारण आजही अर्धे चाहते तेच मागतात, तोच सूट (म्हणजे आत माणूस शिरून चालवतो तो राक्षसाचा पोशाख), तोच आवाज, तीच डिझाइन, एक इंच इकडे तिकडे नको, आणि त्या मागणीचं टोक म्हणजे हा १९८० चा पिक्चर आहे. कोणालाच आवडत नाही तो.

मग १५ वर्षं काही नाही. आणि मग १९९५. इथे मी जरा वेळ घेणार आहे, कारण आजची सगळी आशा ज्याच्यावर उभी आहे ते हेच तीन पिक्चर, १९९५, ९६ आणि ९९. दिग्दर्शक शुसुके कानेको, लेखक काझुनोरी इतो, इफेक्ट्स शिंजी हिगुची. गंमत म्हणजे कानेको हा मूळचा गॉडझिलाचा भक्त, त्याला करायचा होता गॉडझिला, हातात आलं कासव. माझ्या मते तेच बरं झालं. ज्याला गामेराबद्दल फार हळवेपणा नव्हता त्याने पहिला प्रश्न हा विचारला की असा प्राणी खरंच आला तर सरकार काय करेल? आणि उत्तर बघा, पहिल्या पिक्चरमध्ये माणसं खाणारे ग्याओस पक्षी सापडतात तर सरकार म्हणतं दुर्मिळ प्रजाती आहे, मारू नका, पकडा. मग मांसाचं आमिष लावून त्यांना फुकुओकाच्या बेसबॉल स्टेडियममध्ये आणतात, ते उघडझाप होणारं छत असलेलं नवंकोरं स्टेडियम. आणि सैन्य गोळ्या कोणावर झाडतं? गामेरावर. जो वाचवायला आलाय त्याच्यावर. सरकारी कारभार कसा चालतो हे आपल्याला वेगळं समजवायला नको.

आणि दिसतं कसं ते बघा. हिगुचीने कॅमेरा खाली ठेवला, माणसाच्या उंचीवर, मिनिएचर, म्हणजे छोटी मॉडेल्स, उघड्यावर मांडले म्हणजे खरा सूर्यप्रकाश, खरं आकाश. तुटलेल्या टोकियो टॉवरच्या खुंटावर ग्याओस घरटं करून बसलाय आणि मागे मावळता सूर्य. सूटमधला माणूस आहे, छोटी घरं आहेत, सगळं माहीत आहे आपल्याला, तरी छातीत धस्स होतं. दुसऱ्या भागात लीजन, सिलिकॉनवर जगणारे परग्रहावरचे किडे, त्यात अख्खं सेंदाइ शहर उडतं, आणि त्या पिक्चरला जपानचा निहोन एसएफ ताइशो हा विज्ञानकथेचा पुरस्कार मिळाला जो सहसा कादंबऱ्यांना जातो.

तिसऱ्या भागाने मात्र खरा घोळ घातला, चांगल्या अर्थाने. त्यात अयाना नावाची मुलगी आहे, तिचे आईवडील पहिल्या भागाच्या वेळी गामेराच्या मारामारीत बिल्डिंगखाली गेले. रक्षणकर्त्याच्या पायाखाली. तिला गामेराचा सूड घ्यायचाय, म्हणून ती दुसऱ्या राक्षसाला वाढवते, इरिस त्याचं नाव. टोकियोच्या शिबुया भागात गामेरा आणि ग्याओस भांडतात त्या सीनमध्ये हजारो माणसं मरतात आणि पिक्चर नजर वळवत नाही. शेवट क्योतो स्टेशनमध्ये, ते काचेचं भलंमोठं नवं स्टेशन. गामेरा स्वतःचा एक हात तोडतो, इरिसला संपवतो, त्याच मुलीला वाचवतो, आणि बाहेर येतो तर जगभरातून ग्याओसचे थवे जपानकडे येतायत, शहर जळतंय, तो एका हाताने उभा राहून डरकाळी फोडतो. संपला. टायटल्स.

आता तुम्हीच सांगा, १९९९ पासून लोक या शेवटावर अडकलेत यात त्यांची काय चूक? जिंकला का? मेला का? एका राकुगो कलाकाराने, राकुगो म्हणजे मांडी घालून बसून एकट्याने विनोदी गोष्टी सांगायचा जपानी प्रकार, तर त्यातल्या हायाशिया शिंपेइ या कलाकाराने २००३ मध्ये स्वतःच ‘गामेरा ४’ बनवला, अनधिकृत, फॅन फिल्म. इतकी खाज होती! कंपनीने मात्र चौथा भाग काढलाच नाही. त्यांनी २००६ मध्ये वेगळी गोष्ट काढली, छोट्या मुलाला अंड्यातून गामेराचं पिल्लू मिळतं, र्युता तासाकी दिग्दर्शक, गोड पिक्चर आहे, मी तो नावडता म्हणणार नाही, पण जळत्या क्योतोनंतर लोकांना पिल्लू नको होतं. तिकीटबारीवर आपटला. आणि मग कादोकावाने खूप वर्षं हातच लावला नाही.

मधे २०१५ आलं, गामेराला ५० वर्षं झाली. न्यूयॉर्क कॉमिक कॉन या चाहत्यांच्या मेळाव्यात एक छोटी क्लिप दाखवली, कात्सुहितो इशीईचं दिग्दर्शन. ग्याओसचे थवे टोकियोवर, एक बाप आणि मुलगा, गामेरा आगीचा लोळ सोडतो, आणि शेवटी वर्षं उलटलीत, पोरगा मोठा झालाय, नवा राक्षस समोर. सगळं नेटवर आलं, लोकांनी हजार वेळा बघितलं, पॉझ करून करून डिझाइनवर चर्चा केल्या. पिक्चर कुठाय? नाही आला. ती क्लिप म्हणजे नुसता नमुना होता, ट्रेलर नव्हता, पण दिसत ट्रेलरसारखी होती आणि त्यातच सगळा गोंधळ झाला. चाहत्यांमध्ये आजही कोणी नवी बातमी टाकली की पहिली प्रतिक्रिया असते, क्लिप नको, तारीख सांगा.

२०२३ ला नेटफ्लिक्सवर ‘गामेरा रिबर्थ’ आली, सहा भाग, कॉम्प्युटर ॲनिमेशन, दिग्दर्शक हिरोयुकी सेशिता. १९८९ चा उन्हाळा, टोकियोजवळचा अमेरिकन हवाई तळ, चार मुलं, आणि जुने बरेचसे गडी परत, जायगर, झिग्रा, गुइरोन, विरास. आपल्याकडेही बघता येते, बघा. राक्षसांच्या मारामाऱ्या एक नंबर, माणसं मात्र जरा प्लॅस्टिकची वाटतात, आणि पहिले दोन भाग पोरांच्या भांडणातच जातात. पण त्यात एक गोष्ट मला पटली, त्यांनी मुलांचा मित्र हा जुना गामेरा ठेवला आणि तरीही मुलांना खरोखर धोक्यात टाकलं. म्हणजे तीस वर्षं जी भांडणं चालू आहेत, पोरांचा गामेरा की मोठ्यांचा गामेरा, त्यावर काहीतरी उत्तर द्यायचा प्रयत्न तरी केला.

आता मला नेहमी सांगतात की ‘मायनस वन’ बघा, १.५ कोटी डॉलरच्या आत झाला, इफेक्ट्सला ३५ माणसं, मग गामेरा का नाही? बरोबर आहे, पण अर्धंच. तोहोकडे स्वतःची थिएटर्स आहेत, स्वतःचं वितरण आहे, ‘मायनस वन’ करणाऱ्या यामाझाकीसारखा दिग्दर्शक आहे ज्याचं स्वतःचं इफेक्ट्सचं काम वर्षानुवर्षं चालू आहे. नव्वदीतले गामेरा पिक्चरसुद्धा थिएटरात नेले तोहोनेच, म्हणजे शेजाऱ्याच्या दुकानात माल ठेवला होता. कादोकावाचा मुख्य धंदा पुस्तकं आणि ॲनिमे, त्यांच्यासाठी कासव हा जुन्या घराबरोबर आलेला वारसा आहे. विकायचा नाही, वापरायचं धाडस नाही. दर थोड्या वर्षांनी फोरके रिस्टोरेशन, २०२०-२१ ला डॉल्बी सिनेमात नव्वदीचे तिन्ही भाग पुन्हा लावले, खेळणी, टीशर्ट. त्यात रिस्क नाही.

म्हणून मला कोणी विचारलं की तुला काय हवंय, तर मला ‘गामेरा ४’ नकोय. हे ऐकून काही मित्र चिडतात. क्योतोच्या पुढचं दाखवलं की तो उभा असलेला एक हाताचा गामेरा संपला, मग एकतर तो जिंकतो नाहीतर मरतो, दोन्ही छोटे आहेत. मला हवाय असा माणूस ज्याला या पिक्चरमधलं काहीतरी खटकतं. कानेकोला खटकलं होतं, राक्षस येतात आणि सरकार लगेच शहाण्यासारखं वागतं हे. आज कोणाला तरी दुसरंच काही खटकत असेल. १९६५ च्या पहिल्या पिक्चरमध्ये गामेरा जागा होतो तो आर्क्टिकवर विमानातून पडलेल्या अणुबॉम्बमुळे, तो तेल आणि आग खातो, ऊर्जा खातो. २०११ च्या फुकुशिमा अणुभट्टीच्या दुर्घटनेनंतरच्या जपानमध्ये ऊर्जा खाणारा प्राणी! या एका ओळीवर आख्खा पिक्चर आहे आणि कोणी हात लावलेला नाही अजून. अणुभट्टीकडे चाललेलं कासव. त्याला अडवायचं की जाऊ द्यायचं?

प्रश्नोत्तरांत एकाने विचारलंय की सूट की सीजी, म्हणजे कॉम्प्युटरवर केलेला राक्षस. मला विचाराल तर सूट, पण भांडणार नाही. दुसरा प्रश्न, नवीन माणसाने कुठून सुरू करावं. १९९५ पासून. १९६५ पासून सुरू केलंत तर तुम्ही दुसऱ्या पिक्चरनंतर घरी जाल, आणि गुइरोनचा पिक्चर मित्रांसोबत बघा, एकट्याने नको. आणि तिसरा प्रश्न, सोनीमुळे येणार का. मला वाटतं काहीतरी येईल, बहुतेक पुन्हा ॲनिमेशन, कारण कादोकावाला तेच जमतं आणि सोनीलाही तेच हवंय. थिएटरात खरा पिक्चर यायचा असेल तर कादोकावाच्या आतच कोणीतरी हट्टी माणूस पाहिजे, बाहेरून आपण कितीही ओरडलो तरी. ओरडणं बंद करा असं नाही म्हणत मी, ओरडा.